वीस लिटरला पाच रुपये, आणि नळाची बाजू

गावाच्या चावडीशेजारी किंवा एसटी स्टँडच्या तोंडाशी पत्र्याची एक खोली उभी असते. भिंतीत स्टीलची तोटी, वर कार्ड टेकवायची जागा आणि निळ्या अक्षरांत ‘शुद्ध व थंड पाणी’. कार्ड टेकवलं की वीस लिटर पाणी पडतं. दर बहुतेक ठिकाणी पाच रुपये. कुठे सात, कुठे दहा. शहरात तसंच पाणी जारमधून घरपोच येतं आणि तीस-चाळीस रुपयांना पडतं.

पाण्याच्या या एटीएमबरोबर एक युक्तिवादही गावोगाव पोचला आहे. नळाचं पाणी पिण्याजोगं नाही आणि ग्रामपंचायत किंवा नगरपालिका ते कधी तसं करणारही नाही. यंत्र मात्र आज, आत्ता शुद्ध पाणी देतं. पाच रुपये गरिबालाही जड नाहीत. शिवाय फुकटाचं पाणी माणूस सांडतो, विकतचं जपून वापरतो. तेव्हा नळ धुण्याभांड्याला ठेवावा, पिण्याला यंत्राचं पाणी आणावं आणि नळाच्या नावाने गळा काढणं थांबवावं.

हे बोलणारे लोक काही वेडे नाहीत. जुलाबाचे पेशंट रोज तपासणारे डॉक्टर ते बोलतात, पाणीपट्टीच्या वसुलीपुढे हात टेकलेले सरपंच बोलतात, आणि सकाळी नळाखाली धरलेल्या हंड्यात गढूळ पाणी पाहिलेल्या बायका तर बोलणारच. पण या युक्तिवादातली विधानं एकेक करून तपासली तर त्यातलं एकच धड उभं राहतं, तेही ठरावीक मुलखापुरतं.

आधी शुद्धतेचं पाहू. यंत्राचं पाणी शुद्ध आहे हे गिऱ्हाइकाला कशावरून कळतं? पेनाएवढ्या टीडीएस मीटरवरून. नळाच्या पाण्यात बुडवलं की आकडा तीनशे, यंत्राच्या पाण्यात चाळीस. आकडा लहान म्हणजे पाणी चांगलं, असा हिशेब. हे मीटर मोजतं ते एवढंच, की पाण्यातून वीज किती सहज वाहते. त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज निघतो. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, बायकार्बोनेट असं सगळं त्या एका आकड्यात येतं. कॉलऱ्याचा जंतू त्यात दिसत नाही, काविळीचा विषाणू दिसत नाही, कीटकनाशकाचा अंश दिसत नाही. शेजारच्या संडासाच्या खड्ड्यातून झिरपा लागलेली कोकणातली एखादी विहीर टीडीएस मीटरवर अगदी झकास उतरू शकते.

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, म्हणजे आयएस १०५००, लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंतचे विरघळलेले घटक सरळ स्वीकारार्ह मानतं. दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतं. सह्याद्रीच्या काळ्या दगडावरून वाहून धरणात साठलेलं पाणी, मग ते भातसाचं असो की खडकवासल्याचं, मुळात या मर्यादेच्या कितीतरी खाली असतं. त्याला या यंत्रातला, क्षार काढणारा आरओचा पडदा लावणं म्हणजे पुसलेली पाटी पुन्हा पुसणं. राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्ये केंद्र सरकारला नेमकं हेच सांगितलं होतं: जिथे टीडीएस ५०० पेक्षा कमी आहे तिथे आरओच्या वापराला बंदी घाला. यंत्र विकणाऱ्यांच्या जाहिराती त्यानंतरही त्याच सुरात चालू राहिल्या.

मीटरपेक्षा जुना आणि जास्त नाट्यमय खेळ म्हणजे दोन ग्लासांचा. विक्रेता घरी येतो. एका ग्लासात नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या यंत्राचं. दोन्हींत धातूच्या सळ्या सोडून बटण दाबतो. मिनिटा-दोन मिनिटांत नळाचं पाणी तपकिरी, वर घाणेरडा साका. यंत्राचं पाणी जवळपास जसंच्या तसं. ‘काकू, हे तुम्ही रोज पिताय.’ काकूंचा चेहरा उतरतो आणि हप्ता ठरतो. वस्तुस्थिती अशी, की क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, तिच्यामुळे लोखंडी सळी झिजते आणि सळीचाच गंज पाण्यात उतरतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात, वीज वाहत नाही, म्हणून सळी शाबूत राहते. काकूंनी त्या ‘शुद्ध’ ग्लासात चिमूटभर मीठ टाकून बटण पुन्हा दाबायला सांगावं. तो ग्लासही तपकिरी होतो. शाळेत आठवी-नववीत शिकवलेल्या विद्युत अपघटनावर या देशात केवढा मोठा धंदा उभा राहिला, याचा हिशेब विज्ञानाच्या शिक्षकांनी एकदा मांडायला हवा.

यंत्रात पाणी जातं बोअरचं. वाळूच्या टाकीतून, मग कार्बनमधून, मग बारीक जाळीच्या काडतुसातून, शेवटी मोठ्या दाबाने पडद्यातून. अतिनील दिव्याखालून ते टाकीत येतं. ही साखळी नीट राखली तर तिच्या तोंडाशी पाणी खरोखर चांगलं निघतं, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो त्यापुढच्या तासांबद्दल. कार्बनच्या थरात पाण्यातलं क्लोरीन निघून जातं. त्यानंतर त्या पाण्याला राखणदार उरत नाही. टाकी धुतलेली नसेल, तोटीला हात लागला असेल, कॅन आतून बुळबुळीत असेल, तर जंतूंना रान मोकळं. नळाच्या पाण्यात मात्र ग्राहकाच्या घरापर्यंत लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन उरलं पाहिजे, असा दंडक आहे. ज्या वासाने लोक नाक मुरडतात, तोच वास हंड्यात रात्रभर पहारा देतो. खेड्यातला जलसुरक्षक ज्याला ‘ओटी’ म्हणतो ती तपासणी याचीच: नळीत पाणी, दोन-तीन थेंब रसायन, पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे.

हे कागदावरचं भय नाही, याचा दाखला पुण्याने दिला. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी अशा भागांत गिलन बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढू लागले. हातापायांतली ताकद जाणं, गिळता न येणं, काहींना थेट व्हेंटिलेटर. संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली, काहींचा मृत्यू झाला. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडला. दोन्ही दूषित अन्नपाण्यातून पसरणारे. महापालिकेने त्या भागातलं पाणी तपासायला घेतलं तेव्हा खासगी आरओ प्रकल्पांचं पाणीही तपासलं, आणि त्यातल्या अनेकांच्या पाण्यात विष्ठेच्या प्रदूषणाची खूण दाखवणारे जिवाणू निघाले. कित्येकांकडे धड परवानगीही नव्हती. पालिकेने ते प्रकल्प बंद केले. नळावर विश्वास नाही म्हणून ज्यांनी पैसे मोजून पाणी आणलं, त्यांच्या कॅनची ही गत.

नळाची बाजू घेणाऱ्याला त्याच प्रकरणात मान खालीही घालावी लागते. नांदेड, किरकटवाडी ही गावं २०२१ मध्ये महापालिकेत आली, तरी त्यांना पाणी मिळत होतं ते विहिरीचं, शुद्धीकरण केंद्रातून न गेलेलं, फक्त क्लोरीन घातलेलं. महापालिकेचे कर सुरू झाले आणि महापालिकेचं पाणी मात्र आलं नाही. त्या पट्ट्यात आरओची दुकानं का उगवली, याचं उत्तर इथेच आहे. पण दोन्ही पाणी वाईट निघालं, तर त्यावरून नळाची मागणी सोडून द्यावी हा निष्कर्ष कसा निघतो?

आणखी एक फरक आहे, आणि तो शुद्धतेपेक्षा मोठा आहे. नळाच्या पाण्याला जाब विचारायची जागा आहे. ग्रामीण पाणीस्रोताची रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि अणुजैविक तपासणी दोनदा, पावसाळ्याआधी व नंतर, व्हायला हवी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा त्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. स्वच्छता सर्वेक्षणानंतर महाराष्ट्रात ग्रामपंचायतीला कार्ड मिळतं: लाल म्हणजे जास्त जोखीम, पिवळं मध्यम, हिरवं कमी, सलग पाच वर्षं हिरवं राहून साथ आली नाही तर चंदेरी. ही व्यवस्था कित्येक गावांत कागदावरच चालते हे खरं, पण कागद आहे. तो माहितीच्या अधिकारात मागता येतो, ग्रामसभेत दाखवायला लावता येतो, वर्तमानपत्रात छापता येतो. यंत्राच्या तोटीखाली धरलेल्या कॅनचा असा कोणता कागद असतो? सीलबंद बाटलीसाठी तरी नियम आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने बाटलीबंद पाण्यावरची मानक ब्युरोच्या प्रमाणपत्राची सक्ती काढली आणि पाठोपाठ हे पाणी जास्त जोखमीच्या अन्नपदार्थांच्या गटात टाकलं, म्हणजे तपासण्या वाढल्या. सुटं पाणी, थंड जार, कार्डावर पडणारं पाणी यांतलं काहीच ‘सीलबंद’ नसतं. त्यावर हात कोणी टाकायचा, यावर अन्न व औषध प्रशासन एका बाजूला आणि स्थानिक संस्था दुसऱ्या बाजूला पाहते.

आता ‘नळाचं पाणी खराब’ या विधानाकडे. कुठल्या नळाचं? नोव्हेंबर २०१९ मध्ये त्या वेळचे केंद्रीय मंत्री रामविलास पासवान यांनी मानक ब्युरोचा अहवाल जाहीर केला. देशातल्या मोठ्या शहरांतल्या नळाच्या पाण्याची ती तपासणी होती. मुंबईचे दहाच्या दहा नमुने सगळ्या निकषांवर उतरले. दिल्लीचे अकराच्या अकरा नापास झाले. दिल्लीत त्यावर राजकीय धुरळा उडाला, तो वेगळा विषय. दहा नमुन्यांवरून सव्वा कोटींच्या शहराला प्रशस्तिपत्रक देता येत नाही, हेही खरं. तरी भांडुप आणि पांजरापूरच्या केंद्रांतून निघणारं पाणी चांगलं असतं याबद्दल जाणकारांत दुमत नाही. आणि याच मुंबईत ऑफिसांच्या कोपऱ्याकोपऱ्यात जार उलटे टांगलेले असतात.

पाणी बिघडतं ते वाटेत. महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांना आणि शहरांना नळाचं पाणी दिवसातून तास-दोन तास येतं, कुठे दिवसाआड, मराठवाड्यात तर आठवड्याने. बाकीचा वेळ नळवाहिनी रिकामी. रिकाम्या वाहिनीत बाहेरची ओल आत येते. वाहिनीला तडा असेल आणि शेजारून गटार जात असेल, तर ते गटारही येतं. त्यात घरोघरच्या मोटारी वाहिनीतून पाणी ओढतात, म्हणजे घाणही ओढतात. मग पाणी इमारतीच्या तळटाकीत पडतं, जिचं झाकण शेवटचं कधी उघडलं हे सेक्रेटरीलाही आठवत नाही.

हे अनुमान नव्हे. शेजारच्या हुबळी-धारवाडमध्ये काही प्रभागांना चोवीस तास पाणी दिलं गेलं आणि बाकी शहराला जुन्याच पद्धतीने काही दिवसांआड. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या एमिली कुंपेल आणि कारा नेल्सन यांनी दोन्ही भागांतल्या नळांचं पाणी वर्षभर तपासलं. त्यांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. अधूनमधून पाणी येणाऱ्या भागात तीनातल्या जवळपास एका नमुन्यात ई-कोलाय सापडला. चोवीस तास पाणी असलेल्या भागात शंभरात एकही धड नाही. महापालिका तीच, शहर तेच, शुद्धीकरण तेच. वाहिनी सतत भरलेली आणि दाबाखाली होती, एवढाच फरक. यंत्राचा युक्तिवाद करणारे ज्या आजारावर पाच रुपयांचा उतारा सांगतात, तो आजार वाहिनीतला आहे.

शिवाय तो उताराही अर्धाच लागतो. घरात एटीएमचा कॅन असतो तो पिण्यापुरता. भाजी नळाखाली धुतली जाते, पोर नळाच्या पाण्याने चूळ भरतं, तान्ह्याची दुधाची वाटी-चमचा त्यातच विसळला जातो, चहाची कपबशीही. नळात गटार मिसळलेलं असेल, तर कोपऱ्यातला निळा कॅन त्या घराला वाचवत नाही; फक्त वाचल्याचं समाधान देतो.

एका मुलखात मात्र यंत्राची बाजू भक्कम आहे, आणि तिथे ती मान्य न करणं हा निव्वळ हट्ट ठरेल. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेला खारपाणपट्टा. जमिनीखालचं पाणी इतकं खारं, की बोअर मारावा आणि डोक्याला हात लावावा. मूत्रपिंडाच्या आजारांनी तिथल्या घरांना ग्रासलंय, अशी तक्रार पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत भूजलात फ्लोराइड जास्त. मानकाने लिटरमागे १ मिलिग्रॅम स्वीकारार्ह आणि फार तर १.५ चालवून घेतलेलं, इथल्या कित्येक हातपंपांना ती मर्यादा ओलांडायला वेळ लागत नाही. दात डागाळतात, पुढे हाडं वाकतात. उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचं प्रमाण वाढतं. क्लोरीनने मीठ जात नाही. तिथे आरओ लावणारी ग्रामपंचायत योग्यच करते.

पण त्या मुलखानेही हे उत्तर कायमचं मानलेलं नाही. अकोला जिल्ह्यातल्या अकोट-तेल्हाऱ्याची ८४ खेडी योजना आणि खांबोऱ्याची ६४ खेडी योजना उभ्या राहिल्या त्या धरणाचं गोडं पाणी नळाने खाऱ्या गावांत नेण्यासाठी. या योजना रडतखडत चालतात, फुटतात, पाणी कित्येक दिवसांनी येतं. तरी वऱ्हाडातला माणूस सरकारकडे मागतो ते नळाचं गोडं पाणी. आरओ त्याच्यासाठी तोवरची सोय आहे.

आणि या सोयीचीही एक वजाबाकी आहे. आरओचा पडदा क्षार नष्ट करत नाही, एका बाजूला सारतो. बोअरमधून काढलेल्या पाण्यातलं बरंचसं, अनेक ठिकाणी निम्म्याच्या आसपास, दुप्पट खारं होऊन गटारात जातं. ज्या गावात उन्हाळ्यात बोअर आटतो म्हणून टँकर लागतो, त्याच गावात एटीएम वीस लिटर विकण्यासाठी चाळीस लिटर उपसतं. विकतचं पाणी माणूस जपून वापरतो, हे म्हणणाऱ्यांनी खोलीच्या मागच्या बाजूला जाऊन तो पाइप पाहावा.

यंत्र ‘आज, आत्ता’ पाणी देतं, या दाव्यालाही मुदत असते. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधील होता. त्यातून आणि त्याआधीच्या निधीतून गावोगाव यंत्रं बसली. बसवायला पैसा मिळतो, उद्घाटनाला पाहुणे मिळतात. दोन वर्षांनी पडदा बदलायचा येतो तेव्हा कोणीच मिळत नाही. रेल्वेने दहा-अकरा वर्षांपूर्वी स्टेशनांवर पाण्याची यंत्रं आणली होती: एक रुपयात ३०० मिलिलिटर, पाच रुपयांत लिटरभर, बाटली आपली. कल्पना चांगली होती, दर फारच चांगला. मुंबईच्या उपनगरी स्टेशनांवरची बरीचशी यंत्रं नंतर बंद पडली, आणि प्रवासी पुन्हा विकतच्या बाटलीकडे गेला.

राहता राहिला पैशाचा मुद्दा, जो सगळ्यात टाळी घेतो. पाच रुपयांत काय येतं हल्ली, असं म्हणून तो मांडला जातो. पाच रुपयांना वीस लिटर म्हणजे हजार लिटरला अडीचशे रुपये. मुंबई महापालिका घरगुती वापराचं हजार लिटर पाणी सात रुपयांच्याही आत देते. म्हणजे गावातलं पाणी पस्तीस पटींहून महाग. तीस रुपयांचा जार घेतला तर दोनशे पटींहून जास्त. ही तुलना अगदी न्याय्य नाही. मुंबईचं पाणी शहापूरच्या बाजूने बऱ्याच अंशी उतारानेच येतं, लहान गावाला ती सोय नसते. तरी एक साधा हिशेब उरतोच. रोज एक कॅन आणणाऱ्या घराचे वर्षाला १,८२५ रुपये एटीएममध्ये जातात. अनेक ग्रामपंचायतींची वर्षाची पाणीपट्टी याहून कमी असते, आणि तीच थकते.

इथे यंत्रवाल्यांना आपला विजय दिसतो: बघा, नळाचे पैसे लोक देत नाहीत, आमचे देतात. खरं आहे. पण का? नळाचं पाणी बेभरवशाचं म्हणून पट्टी थकते. पट्टी थकली की क्लोरीनची टीसीएल पावडर वेळेवर येत नाही, गळती काढली जात नाही, जलसुरक्षकाचं मानधन अडतं. पाणी आणखी बिघडतं. मग एटीएम लागतं, आणि एटीएमला पैसे गेले की पट्टी आणखी थकते. यात लोकांची पैसे देण्याची तयारी सिद्ध होते. ती तयारी पाच रुपयांच्या यंत्राकडे वळवली, म्हणून नळाचा खजिना रिकामा राहिला.

शहरात याच गोष्टीचं रूप अधिक उघडं आहे. ज्यांना नळच मिळालेला नाही तेच सगळ्यात महाग पाणी घेतात. मुंबईतल्या अनधिकृत ठरवलेल्या वस्त्यांत पाणी हंड्यावर आणि कॅनवर विकत मिळतं. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की झोपडी बेकायदा असली तरी तिच्यात राहणाऱ्याला पाणी नाकारता येत नाही. पाणी हा राज्यघटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. न्यायालयाने पालिकेला त्यासाठी धोरण करायला सांगितलं. तिथे कोणी पाण्याचं यंत्र बसवून ‘सोय झाली’ म्हटलं असतं, तर ही याचिका झालीच नसती. या राज्यात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव सीताराम केशव बोले यांनी १९२३ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात मांडला, तो कागदावर राहिला म्हणून १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर जावं लागलं. पाणी कोणाला मिळावं हा प्रश्न इथे सार्वजनिक रणात सोडवला गेलेला आहे. तो पुन्हा कार्डातल्या शिलकीवर सोपवताना निदान संकोच तरी वाटावा.

यंत्राचं सगळ्यात मोठं नुकसान मोजता येत नाही, दिसतं मात्र. गावातली ज्यांची बोलायची ऐपत आहे ती घरं, म्हणजे शिक्षक, दुकानदार, दुधाचा धंदा असलेले, आधी एटीएमकडे जातात, मग घरच्या आरओकडे. नळ बिघडला तर त्यांना फरक पडत नाही, म्हणून ग्रामसभेत ते बोलत नाहीत. उरतात ती घरं, ज्यांनी बोललं तरी सरपंच ऐकत नाही. सरकारी शाळेचं आणि सरकारी दवाखान्याचं जे झालं तेच आता नळाचं होऊ घातलं आहे.

शेवटचा बचाव असा असतो: पण हे सरकारी लोक कधी सुधारणारच नाहीत. कराडला लागून असलेल्या मलकापूरने नगरपंचायत असताना चोवीस तास पाणीपुरवठा सुरू केला, घरोघर मीटर बसवले आणि जास्त वापरणाऱ्याला चढा दर लावला. सुरुवातीला मीटरला विरोध झालाच. तरी छोट्या गावाने हे जमवलं आणि त्याची देशभर नोंद झाली. ओडिशातल्या पुरीने जुलै २०२१ मध्ये जाहीर केलं, की शहरातल्या कुठल्याही नळाचं पाणी न उकळता, न गाळता थेट प्यावं. रस्त्यांवर यात्रेकरूंसाठी नळकोंडाळी उभी केली. तिथे बचत गटातल्या बायका ‘जलसाथी’ म्हणून घरोघर जातात, दारातच पाण्याची तपासणी करून दाखवतात आणि त्याच फेरीत बिलही गोळा करतात. ज्या बाईने समोर पाणी तपासलं तिच्या हातात पैसे द्यायला माणूस कुरकुरत नाही. नागपूरचा चोवीस तासांचा प्रयोग याच्या तुलनेत अडखळला. ठेकेदार आला, वाद झाले, सगळ्या शहरापर्यंत तो पोचलेला नाही. म्हणजे हे अवघड आहे, पण अशक्य म्हणणाऱ्यांनी आधी मलकापूरला जाऊन यावं.

खेड्यांसाठी सामानही बरंचसं आलेलं आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये जाहीर झालेल्या जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर नळाने देण्याचं ठरवलं आणि गावोगाव महिलांना पाणी तपासणीच्या पेट्या चालवायला शिकवलं. महाराष्ट्रात बऱ्याच गावांत नळ बसले, टाक्या उभ्या राहिल्या. काही ठिकाणी टाकी आहे आणि पाणी नाही, हेही सर्वांना ठाऊक आहे. या पेट्या शाळेच्या कपाटात कुलपात पडून राहू नयेत, एवढं तरी गावाला करता येतं.

ज्या गावात एटीएम आहे तिथे ते उखडून टाकायचं कारण नाही. खारपाणपट्ट्यात तर नाहीच. पण नळासारखी जाब विचारायची जागा त्यालाही असावी. महिन्याला अणुजैविक तपासणी, टाकी धुतल्याची तारीख, पडदा बदलल्याची तारीख, आणि हे सगळं तोटीच्या वर, त्या निळ्या अक्षरांच्या शेजारी, रोज पाणी भरणाऱ्याला वाचता येईल अशा आकारात. ठेकेदार नकार देत असेल तर ठेका का द्यावा, हे ग्रामसभेने विचारावं. त्याच सभेत ग्रामपंचायतीला मिळालेलं कार्ड लाल आहे की हिरवं, शेवटची ओटी कोणत्या घरच्या नळावर घेतली, आणि गेल्या वर्षात टीसीएलची किती पोती आली व किती वापरली, हेही विचारावं. साठ्याची वही ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे असते.